आशीर्वादाआधीच्या सूचना

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावात नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग चहा. माझी गाडी आडनावावरच अडकायची. बँकेच्या खिडकीपलीकडच्या माणसाला मी ‘लोपीस’ म्हटलं, की तो एकदा माझ्याकडे आणि एकदा टेबलावरच्या पाटीकडे बघायचा. मग माझी दया येऊन तो एकेक शब्द सुटा करत हिंदीवर यायचा. “आप किधर के?” मी म्हणायचो, “वसईचा. मराठीतच बोला, मला तेवढीच नीट येते.” मग तो रांगेतल्या मागच्या माणसाला कोपर मारून सांगायचा, “आयकलं काय? ख्रिश्चन साहेब आपल्यापरीस साफ बोलते.”

माझ्या मराठीचा हा सत्कार इतक्यांदा झाला, की शेवटी मी एक छोटं भाषण पाठ करून ठेवलं. त्यात फादर स्टीफन्स यायचे. जन्मानं इंग्रज, पंथानं जेझुइट, १५७९ मध्ये गोव्याला आले, मराठी शिकले आणि १६१६ मध्ये जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला छापून मोकळे झाले. भाषणाचा परिणाम शून्य. पासबुक छापून घ्यायला आलेल्या माणसाला सतराव्या शतकाची घाई नसते.

परिणाम झाला तो साहित्य संमेलनाचा. ९२वं संमेलन जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला झालं होतं. तिथे कोण आलं यापेक्षा कोणाला आमंत्रण देऊन मागाहून ‘येऊ नका’ कळवलं, हेच जिल्ह्याच्या जास्त लक्षात राहिलं. मी सांगायचो, “तुमच्या पुढच्याच वर्षी धाराशिवला जे अध्यक्ष होते ना, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ते आमच्या वसईचे.” “म्हनजे पादरीबुवा अध्यक्ष?” “हो.” “आन् भाषन मराठीत केलं?” इथे मी हात टेकायचो.

मी राहायचो ते घर काकाजींचं. काकाजी माळकरी. पंधरा एकर शेती, निम्मी कपाशी, निम्मी सोयाबीन आणि मधून तुरीच्या ओळी. शिवाय ते गावातल्या सप्ताहाच्या कमिटीचे अध्यक्ष, आणि हे पद त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं की लोक त्याला जमिनीसारखं वडिलोपार्जित समजत. त्यांना ख्रिस्ती माणूस नवा नव्हता. यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. ती १९८३ मध्ये पुण्याला गेली, पण काकाजींच्या तरुणपणीची यवतमाळची वारी त्या मंडळींच्या दर्शनाशिवाय पुरी होत नसे. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी निकाल दिला, “तुमी मिशनवाले.”

मी म्हटलं, “काकाजी, ते प्रोटेस्टंट. आम्ही कॅथलिक.”

“फरक काय?”

आता हा फरक सांगण्यात युरोपची शंभर-सव्वाशे वर्षं आणि बरीच माणसं खर्ची पडली आहेत. मी सोपा मार्ग धरला. “त्यांचे पाळक लग्न करतात. आमचे फादर करत नाहीत.”

काकाजींनी सुपारी कातरणं थांबवलं. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली. “बायको नाई? मंग पगार कोनाच्या हातात देते?”

कॅथलिक धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्यावर रोमपासून रत्नागिरीपर्यंत विद्वानांनी लिहिलं असेल. या प्रश्नाला मात्र कोणी हात घातलेला नाही.

मग मी काकाजींना ख्रिस्तसभेची रचना बँकेच्या भाषेत समजावली. रोमला हेड ऑफिस. प्रत्येक धर्मप्रांतावर एक बिशप, म्हणजे रीजनल मॅनेजर. त्याखाली धर्मग्राम, म्हणजे शाखा. शाखेत प्रमुख धर्मगुरू, त्यांच्या हाताखाली एखादा तरुण सहायक, आणि दर काही वर्षांनी बदली. आपल्या बदलीला युनियन आडवी येऊ शकते, त्यांच्या बदलीला फक्त अश्रू आडवे येतात आणि तेही नव्या फादरांच्या स्वागताच्या हारांपर्यंत वाळतात. यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात, आणि तो १९५५ चा. आमचा वसईचा धर्मप्रांत १९९८ चा; त्याआधी आम्ही मुंबईच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होतो. म्हणजे बँकेनं मला बाभुळगावला पाठवलं तेव्हा माझा धर्मप्रांतही बदलला. फक्त तिकडून रिलीव्हिंग लेटर मिळालं नाही आणि इकडे जॉइनिंगला कोणी आलं नाही.

काकाजी ऐकून घेत होते, पण मन द्रवलं नव्हतं. ते द्रवलं एका वाक्यानं. मी सहज म्हणालो, की वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकाराम महाराजांवर.

“बिशपनं? आपल्या तुकोबावर?”

“हो.”

“आन् पास झाले?”

“डॉक्टर झाले.”

त्या दिवसापासून काकाजींनी अख्खी कॅथलिक ख्रिस्तसभा माळकऱ्यांत जमा धरली. मटणाचा मुद्दा तेवढा आडवा येत होता. मी सांगितलं की राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा आमचा उपवासकाळ असतो, पुष्कळ घरांतून तेव्हा मटण बंद. काकाजी म्हणाले, “चाळीस दिवस सोडता आन् मंग सन करता? मी चाळीस वर्सांपासून सोडलं, मले कोनी ईस्टर देत नाई.”

आमचा संतही मी त्यांना सांगून पाहिला. गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, भारतभूमीवर जन्मलेला पहिला कॅथलिक संत. जपानला गेला, आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला आणि १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रूसावर मारलं. १६२७ मध्ये त्याला ‘धन्य’ ठरवलं आणि १८६२ मध्ये ‘संत’. काकाजींनी बोटांवर हिशोब केला. “दोनशे पासष्ट वर्सं! फाइल कोनाच्या टेबलावर होती?” मी म्हटलं, चौकशी कडक असते, चमत्कार तपासतात, साक्षी-पुरावे घेतात. “असू द्या,” ते म्हणाले, “मंग आमचा पीकविम्याचा अर्ज बराच म्हनायचा.”

एवढं सगळं सांगताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. बदलीच्या गावी देवाची उणीव पडत नाही. देव बाभुळगावात मुबलक आहे, आणि कळंबचा चिंतामणी तर शेजारच्या तालुक्यातच. उपासनाही जमते, जपमाळ खिशात मावते. नसतं ते फक्त चर्चमध्ये नाव न घेता आपल्याला उद्देशून बोलणारं कोणी. मला आठवण यायची ती मिस्सेतल्या सूचनांची.

ज्यांनी कधी मिस्सा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं खोलात जायला हवं. वाचनं होतात, प्रवचन होतं, अर्पण होतं, लोक रांगेनं ख्रिस्तशरीर स्वीकारून जागेवर परततात, गायकवृंद शेवटचा सूर ओढतो. वातावरण असं निर्मळ झालेलं असतं की माणसानं तिथून थेट स्वर्गात जावं. अशा वेळी कोणीतरी माइकवर दोनदा टकटक करतं आणि म्हणतं, “काही सूचना.”

आमच्या धर्मग्रामाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, तिथे मला अजून लग्नकार्यांना जायचंय. पण वसई पट्ट्यातलं कुठलंही चर्च घ्या, सूचनांचा क्रम साधारण सारखाच. पहिल्या लग्नांच्या. लग्न ठरलेल्या जोडप्यांची नावं आईबापांसकट तीन रविवार वाचतात. कोणाची हरकत असेल तर कळवावी. हरकत कोणी कळवल्याचं मी ऐकलेलं नाही. पण वाचन संपेपर्यंत अख्ख्या चर्चनं मुलाची नोकरी, मुलीचा स्वभाव आणि दोन्ही घरांतली वाडीच्या वाटणीची जुनी भांडणं यांवर मनातल्या मनात सुनावणी उरकलेली असते.

मग छताच्या दुरुस्तीचे देणगीदार. नावं रकमेच्या उतरत्या क्रमानं येतात, त्यामुळे सुरुवातीला माना वर असतात आणि शेवटाला खाली. मध्येच येतं, “नाव न सांगण्याच्या अटीवर एका कुटुंबाकडून पंचवीस हजार.” लगेच साऱ्या माना एकाच बाकाकडे वळतात. त्या बाकावरचं कुटुंब डोळे मिटून तीव्र प्रार्थनेत असतं.

मग गाडीची सूचना. गेटात आडवी लावलेली पांढरी गाडी काढावी, नंबर अमुक. मालक उठत नाही, कारण उठला तर मालक कोण ते कळतं. नंबर दुसऱ्यांदा वाचतात. तिसऱ्यांदा फादर नंबर वाचत नाहीत, फक्त एका दिशेला बघतात.

आणि मग माझी सगळ्यांत लाडकी सूचना: “प्रवचनाच्या वेळी बाहेर आंब्याखाली उभे राहणाऱ्या पुरुषांनी कृपया आत येऊन बसावे.” ही सूचना आत बसलेल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना ऐकवली जाते. ज्यांच्यासाठी ती असते ते आंब्याखाली असल्यामुळे वर्षानुवर्षं ती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. मी स्वतः त्या आंब्याखाली वाढलो. एक मात्र खरं, सामवेदी बोलीतलं उत्तम गद्य मी तिथेच ऐकलं. आत सगळे प्रमाण मराठीत पापी असतात, बाहेर येऊन आपल्या बोलीत माणसात येतात.

काकाजींना यातलं एकही वाक्य समजावून सांगावं लागलं नाही. उलट मी सणाचं सांगायला लागलो, की ते पुढचं सांगायचे. आमच्याकडे सणाआधी नऊ दिवसांची नोव्हेना, प्रवचनाला बाहेरचे फादर बोलावतात. “बाहेरचाच पाह्यजे. घरच्या कीर्तनकाराले कोनी आयकत नाई.” मग सणाच्या दिवशी संताच्या मूर्तीची मिरवणूक, पुढे बँड. “खांदा कोन देते त्याच्यावरून भांडन.” मी चाट पडलो. “तुम्हाला कसं माहीत?” “आमच्याकडं पालखी हाय ना बाप्पा!” मी त्यांना आमच्या धर्मग्राम परिषदेची बैठक सांगितली: सुरुवातीला पवित्र आत्म्याला प्रार्थना, मग लहान मुलांना खाऊ म्हणून लाडू द्यायचा की केक यावर दोन तास, आणि शेवटी सचिवाचा राजीनामा. राजीनामा कधी मंजूर होत नाही, कारण झाला तर नवा सचिव शोधावा लागेल. काकाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमच्या कमिटीचा सचिव तुमच्या तिकडं कधी गेल्ता?”

पापनिवेदनावर मात्र ते अडले. माणूस आपणहून जाऊन आपली पापं फादरांना सांगतो, हे त्यांना मान्य होतं. दारू पोटात गेल्यावर बाभुळगावातही लोक सांगतात. पण फादर ते कोणालाही, अगदी कोर्टालाही सांगू शकत नाहीत, सांगितलं तर त्यांनाच ख्रिस्तसभेबाहेर व्हावं लागतं, हे त्यांच्या पचनी पडेना. “साऱ्या गावाचं सारं माहीत, आन् कोनाले काईच सांगत नाई?” “नाही.” “मंग त्या मानसाचा दिवस कसा जाते?”

वसईहून परतताना एकदा मी त्यांच्यासाठी सुकेळी आणली. आमच्याकडे निर्मळच्या यात्रेला लोक ती हौसेनं घेतात, हिंदूही आणि ख्रिस्तीही. केळीच्या पानात बांधलेली ती तपकिरी, मधासारखी गोड वळकटी काकाजींनी उलटसुलट करून पाहिली. “हे केळ वाळवलं काऊन?” मी म्हटलं, उन्हात ठेवून मुद्दाम वाळवतात. “मुद्दाम? आमच्या इकडं उन्हात ठेवलं ते सारंच वाळते, आमी त्याचे पैसे घेत नाई.” पण दोन दिवसांत पुडा संपला, आणि त्याला जबाबदार काकू होत्या असं ते आजही सांगतात.

जपमाळेची गंमत मी काकूंनाच सांगितली. ऑक्टोबरात आमच्या आळीत रोज एकेका घरी जपमाळ असते. पन्नासच्या वर ‘नमो मरिया’. पुढे म्हणणारी मावशी सावकाश असली तर अर्धा तास, आणि क्रिकेटची मॅच असली की तरुण मंडळी पुढाकार घेऊन नऊ मिनिटांत उरकतात. माझी आजी जपमाळ ओढता ओढता दूध, मांजर आणि सून या तिघांवर नजर ठेवायची. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनला मोठी परिषद भरली आणि त्यानंतर मिस्सा मराठीत आली. सगळ्यांना आनंद झाला. आजीची तेवढी तक्रार होती, की आता फादर काय बोलतात ते कळतं, त्यामुळे डोळा लागत नाही. काकू म्हणाल्या, “आमचे भटजी अजून संस्कृतातच हायेत, म्हनून पूजेले बरं वाटते.”

नाताळात बँकेला सुट्टी एक दिवसाची. वसईला जाऊन येणं शक्य नव्हतं. तिकडे आळीतली पोरं गवत, बांबू आणि रंगीत दिवे जमवून नाताळगोठा उभारत असणार, अभ्यास सोडून, आणि आया ओरडत असणार. इकडे कपाशीची वेचणी, पहाटेची थंडी आणि खोलीत मी. संध्याकाळी काकाजी मफलर गुंडाळून खाली उभे. “चाला. यवतमायले जाऊ. तुमचा देव आज जन्मते आन् तुमी पाय पसरून बसले.”

यवतमाळच्या चर्चमध्ये वेदीवर एक तरुण फादर होते, मूळचे केरळचे. त्यांचं मराठी व्याकरण अधूनमधून घसरत होतं, पण ‘ळ’ असा काही खणखणीत, की काकाजींनी माझ्याकडे झुकून विचारलं, “पुन्याचे काय?” काकाजी अख्खी मिस्सा मांडी घालायला जागा नाही या एकाच त्रासासह नीट बसले. सगळे उठले की उठले, गुडघे टेकले की त्यांनी वाकून नमस्कार केला. गोठ्यापाशी गेले, बाळ येशूला हात जोडले, आणि शेजारच्या गाईकडे बारकाईनं पाहून म्हणाले, “गाय बेस हाय. पन वऱ्हाडी नाई.”

ख्रिस्तशरीर वाटून झालं. लोक जागेवर बसले. फादरांनी माइक हातात घेतला. “काही सूचना.”

मी शहारलो. उद्याच्या मिस्सेची वेळ, मुलांच्या कार्यक्रमाची जागा, सजावट करणाऱ्यांचे आभार, कोणाची तरी मोटारसायकल. परका गाव, परके लोक, आणि तरीही प्रत्येक सूचना मला घरच्या शिव्यांसारखी गोड लागत होती. माझे डोळे भरून आले असते. पण काकाजी एकदम ताठ बसले होते आणि माझी मांडी दाबत होते.

“आशीर्वाद झाला काय?”

“नाही. आधी सूचना. मग आशीर्वाद.”

“नेमी असंच?”

“नेहमीच.”

“म्हनजे आशीर्वाद राखून ठेवते! लोकं उठतीन कसे?” काकाजींच्या डोळ्यांत मी तसलं तेज फक्त कपाशीचा भाव वाढला तेव्हा पाहिलं होतं. परतीच्या वाटेवर, त्या कडाक्याच्या थंडीत, ते दुसरं काही बोललेच नाहीत. देवाचा पुत्र, गोठा, देवदूत सगळं ठीक होतं. पण दोन हजार वर्षं हा धर्म टिकला कसा याचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

पुढच्या सप्ताहाच्या आधी कमिटीची बैठक झाली. आजवर सप्ताहात काल्याचं कीर्तन, मग महाप्रसाद आणि त्यानंतर सूचना असा क्रम होता. महाप्रसादानंतर सूचना ऐकायला मंडपवाला, दोन कुत्री आणि अध्यक्ष एवढेच उरत. काकाजींनी ठराव मांडला: सूचना महाप्रसादाच्या आधी. ठराव एकमतानं मंजूर झाला. लगेच सचिवानं राजीनामा दिला, तो नामंजूर झाला. मग खजिनदाराचा विषय निघाला. जुन्या खजिनदाराच्या हिशोबात पातळ भाजीपेक्षा जास्त पाणी निघालं होतं. काकाजींनी माझं नाव सुचवलं. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “ते ख्रिश्चन हायेत ना?”

“म्हनूनच,” काकाजी म्हणाले. “यायले केलेलं पाप जाऊन सांगा लागते. आपल्याले काय लागते?”

काल्याच्या दिवशी मी पहिल्यांदा मंडपातल्या माइकवर टकटक केली. समोर दीड-दोन हजार लोक, मागे पोळ्यांच्या चवडी आणि कढईत वाफाळणारी वांग्याची भाजी. वसईत आयुष्यभर ऐकलेलं सगळं माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडू लागलं. मंडपाला एकूण खर्च. ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांची नावं, आडनावाच्या क्रमानं. नाव न सांगण्याच्या अटीवर एका शेतकऱ्याकडून दोन क्विंटल गहू. सगळ्या माना काकाजींकडे वळल्या, काकाजींनी डोळे मिटले. रस्त्यात आडवा लावलेला लाल ट्रॅक्टर काढावा. कीर्तनाच्या वेळी बाहेर लिंबाखाली उभे राहणाऱ्यांनी आत येऊन बसावे. लिंबाखालच्यांना ती अर्थातच ऐकू गेली नाही. मी सातवी सूचना वाचायला कागद उलटला, तेव्हा पंगतीतून कोणीतरी मोठ्यानं ओरडलं, “लोपीस साहेब, आमीन म्हना आता! भाजी थंडी होऊन रायली!”